पाकिटं नकोत, कॅट घ्या

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. दोन वर्षांपासून त्याला पोकेमॉनच्या कार्डांचं वेड आहे. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून तो १०-२० रुपयांची पाकिटं आणायचा. आइस्क्रीमचा एक मोठा डबा भरलाय. दिवाळीत पुण्याला नणंदेकडे गेलो, तर तिच्या मुलानं डबा उघडून ‘हे सगळं डुप्लिकेट आहे’ असं सांगितलं. पोरगं रात्रभर रडलं. वाईट वाटून दुसऱ्या दिवशी मी मॉलमधून ४०० रुपयांचं एक खरं पाकीट घेऊन दिलं. ते त्यानं लिफ्टमध्येच फोडलं आणि म्हणाला, "आई, काही लागलं नाही." आता त्याला आणि वर्गातल्या दोन मित्रांना हा खेळ खरोखर खेळायचा आहे. मी महिन्याला ३०० रुपये देऊ शकते, वाढदिवसाला फार तर १,५००. मिस्टर म्हणतात, हा जुगार आहे, एक रुपया देऊ नकोस. सुरुवात कुठून करू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "काही लागलं नाही." पत्ते खेळून उठलेला माणूस "हरलो" म्हणतो, "पत्तेच वाईट आले" म्हणतो, "भिडूनं घाण केली" म्हणतो. "लागलं नाही" हे लॉटरीचं तिकीट फाडणारा म्हणतो. तेव्हा पाकिटापुरतं तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला मान्य आहे. खेळापुरतं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दोन प्रकारची कार्डं होती. एक, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं. उंची, वजन, छाती, बायसेप्स. डबी घेतली की अख्खा कॅट हातात, त्याच संध्याकाळी चौघं जिन्यात बसून खेळायला सुरुवात. दुसरी, बबलगमबरोबर निघणारी क्रिकेटपटूंची. त्यात आपल्याला हवा तो कधीच निघायचा नाही, म्हणून आणखी गम, आणखी दात किडणं. पोकेमॉनवाल्यांनी हे दोन्ही एकाच दुकानात, एकाच फळीवर ठेवलंय. तुमच्या मुलाला पहिली गोष्ट हवी आहे आणि आजवर पैसे गेले ते दुसरीवर.

खेळ आहे तरी काय ते आधी तुम्हाला सांगतो, कारण पहिले काही महिने घरातला भिडू बहुधा तुम्हीच असणार आहात. मेंढीकोट, बदाम सात येत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येकाचा स्वतःचा ६० कार्डांचा कॅट असतो. (मुलासमोर ‘डेक’ म्हणा, नाहीतर हसेल.) पिसून सात कार्डं हातात घ्यायची, सहा कार्डं बक्षीस म्हणून पालथी बाजूला ठेवायची. एक पोकेमॉन पुढे उभा राहतो, पाच मागे बाकावर बसू शकतात. दर पाळीला एक कार्ड ओढायचं, एक एनर्जी (हल्ल्याला लागणाऱ्या ताकदीचं कार्ड) लावायची, बाकीची तयारी करायची आणि शेवटी हल्ला. समोरच्याचा पोकेमॉन पडला की आपल्या बक्षिसातलं एक कार्ड उचलायचं. ‘ईएक्स’सारखा बडा पडला तर दोन. ज्याची सहाही आधी संपली तो जिंकला. समोरच्याकडे पुढे उभा करायला पोकेमॉनच उरला नाही, किंवा त्याच्या पाळीला ओढायला कार्डच उरलं नाही, तरी आपण जिंकलो. १९९६ साली जपानमध्ये हा खेळ आला तेव्हापासून सांगाडा हाच आहे. बाकीचं सगळं ज्या-त्या कार्डावर लिहिलेलं असतं.

या ६० कार्डांबद्दल एक नियम फार महत्त्वाचा आहे. एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं घालता येतात, साध्या एनर्जीला मात्र मर्यादा नाही. म्हणून चांगल्या डेकमध्ये साठ वेगवेगळी कार्डं नसतातच. पंधरा-वीस प्रकारचीच असतात आणि महत्त्वाची तीन-तीन, चार-चार. शिवाय पोकेमॉन पायऱ्यांनी वाढतात. चारिझार्डपर्यंत पोचायचं तर आधी चार्मँडर खाली उतरवावा लागतो, मग चार्मेलियन. नुसता चारिझार्ड हातात असून उपयोग शून्य. वरात दारात आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशी गत.

आता पाकिटाचा हिशेब करू, म्हणजे मिस्टरांनाही दाखवता येईल. तुमचे महिन्याचे ३००, म्हणजे वर्षाचे ३,६००. पाकीट ४०० चं धरलं तर वर्षात नऊ पाकिटं. एका पाकिटात खेळायची दहा कार्डं, म्हणजे वर्षाअखेर नव्वद. त्यात चारिझार्ड निघाला आणि चार्मँडर नाही, पाण्याचे पोकेमॉन पाच आणि आगीचे तीन, अशी खिचडी. डेक काही होणार नाही. उलट बाजूनं बघा. मुलाला एकच ठरावीक, फारसं दुर्मीळही नसलेलं कार्ड हवंय. समजा, पाकीट ज्या संचातलं आहे त्यात त्या दर्जाची साठ कार्डं आहेत आणि पाकिटात त्यातली तीन पडतात. म्हणजे सरासरी वीस पाकिटांत ते एकदा मिळणार. ८,००० रुपये. चार हवी असतील तर ३२,०००. ढोबळ हिशेब आहे, आणि चमकत्या कार्डांच्या जागेवर एखादं ज्यादा निघेलही, पण हेच कार्ड सुटं घ्यायला गेलात तर बहुतेक वेळा वडापाव-चहाच्या पैशात मिळतं. पाकीट वाईट नाही. जत्रेत आपण आकाशपाळण्यात बसतो, तेव्हा कुठं पोचायचं म्हणून बसत नाही; तसं वाढदिवसाला एखादं फोडावं. त्यानं डेक बनेल ही आशा ठेवू नये.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. भाच्याच्या मुंजीत मी हौसेनं पाकिटांचं अख्खं खोकं दिलं होतं. सगळी पाकिटं पाऊण तासात फोडून झाली. दोन चकाकती कार्डं त्यानं कपाटाच्या काचेला लावली आणि बाकीची अजून खोक्यातच आहेत. त्या पैशात दोन चांगले तयार डेक आले असते आणि आम्ही दोघं वर्षभर खेळलो असतो.

आता त्या आइस्क्रीमच्या डब्याकडे येऊ. तो टाकू नका, आणि ‘बघ, मी सांगत होते’ तर अजिबात म्हणू नका. डुप्लिकेट ओळखायला तुम्ही दोघं मिळून शिका. पुढे सुटी कार्डं घेताना तेच कामी येणार आहे. मॉलमधल्या पाकिटातलं एक खरं कार्ड समोर ठेवा आणि डब्यातलं त्याच्या शेजारी. पाठीचा निळा रंग बघा, नकलीचा बहुधा फिकट नाहीतर जांभळट असतो. ‘पोकेमॉन’ या इंग्रजी नावातल्या ‘ई’वर तिरकी रेघ असते, ती नकलींमध्ये बरेचदा गळते. अक्षरांची जाडी वेगळी, स्पेलिंग चुकलेलं, एचपीचे, म्हणजे पोकेमॉनच्या जीवाचे, आकडे पोत्यानं. मोबाइलचा टॉर्च मागून लावला तर नकली कार्ड जास्त उजळतं, कारण खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये एक काळपट थर असतो. कड निरखून पाहिली तर तो बारीक रेघेसारखा दिसतो. आणि रस्त्यावर, जत्रेत, ऑनलाइनही जी अख्खी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं पन्नास-पन्नासच्या डबीत मिळतात, ती नकलीच समजून चाला. तीस वर्षं खेळ चालवणारी कंपनी शंभर-दोनशे रुपयांत सोन्याचे पन्नास चारिझार्ड वाटत नाही, एवढं सहावीतल्या मुलाला पटतं.

डब्याचा खरा उपयोग पुढच्या टप्प्यात आहे. पहिल्या महिन्यात फारसा खर्चही होणार नाही.

पोकेमॉन टीसीजी लाइव्ह नावाचं अधिकृत अॅप आहे, मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर फुकट. त्यात खेळ शिकवणारे धडे आहेत आणि सुरुवातीलाच काही तयार डेक मिळतात. नियम मोडायला गेलं तर अॅप मोडूच देत नाही, त्यामुळे शिकवायला कुणी नसलेल्या गावात याच्याइतका चांगला मास्तर नाही. खातं तुमच्या देखरेखीखाली उघडा आणि वेळ बांधून द्या. यातच दोन-तीन आठवड्यांत त्याला कळेल की आपल्याला धडाधड हल्ला करणारा डेक आवडतो की हळूहळू रचत जाणारा. ही आवड विकत घेण्याआधी कळली तर फार पैसे वाचतात. एक सावधगिरी : अॅप घेताना नाव नीट वाचा. ‘पॉकेट’ नावाचं याच कुटुंबातलं दुसरं अॅप २०२४ मध्ये आलंय आणि मुलांच्या तोंडी तेच जास्त असतं. त्यात वीसच कार्डांचा डेक, एनर्जीची कार्डं नाहीत, सहा बक्षिसांऐवजी तीन गुण. रोज दोन पाकिटं फुकट फोडायला देतात आणि आणखी हवी असतील तर पैसे मागतात. खेळ म्हणून ठीक आहे, पण तुमच्या मुलाची ‘लागलं का’ची सवय सोडवायची असेल तर त्या दारानं आत शिरू नका.

अॅपमध्ये आवडलेला डेक मग घरात हातानं बनवायचा. कागदाच्या चिठ्ठ्या कापायच्या, ६३ मिलिमीटर रुंद, ८८ उंच. प्रत्येकीवर मुलानं स्वतःच्या हातानं लिहायचं : नाव, एचपी, हल्ल्याला किती एनर्जी लागते, किती मार बसतो, कार्ड काय करतं. चिठ्ठी पातळ, म्हणून आधाराला मागे एक जाड कार्ड हवं. इथं तुमचा डबा. प्रत्येक डुप्लिकेट कार्डावर एक चिठ्ठी, आणि दोन्ही मिळून एका स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. शंभर पिशव्यांचा गठ्ठा फार महाग नसतो, पण पाठ अपारदर्शक असलेली घ्या, नाहीतर कुठल्या कार्डामागे काय आहे ते समोरच्याला कळायला लागेल. याला खेळणारे लोक ‘प्रॉक्सी’ म्हणतात. अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, घरात आणि मित्रांत खुशाल चालतात. साठ चिठ्ठ्या लिहून झाल्या की तुमच्या मुलाला त्याचा डेक पाठ असेल. कार्डावरचं इंग्रजी कळत नसेल तर मराठीत लिहू दे. ‘नाणं उडव, छापा आला तर ३० जास्त’ हे वाचायला छानच वाटतं.

हे महिनाभर टिकलं, तर खेळाचं वेड आहे. आठ दिवसांत चिठ्ठ्या सोफ्याखाली गेल्या, तर त्याला चित्रं आवडतात, खेळ नाही. त्यातही काही गैर नाही. आवडत्या पोकेमॉनची सुटी, साधी, खरी कार्डं महिन्याला दोन-तीन घेऊन फोल्डरमध्ये लावायची. तोही छंदच आहे आणि पाकिटांपेक्षा कितीतरी स्वस्त.

वेड खेळाचं निघालं, तर मग वाढदिवसाच्या पैशांचं. ‘बॅटल अॅकॅडमी’ नावाचा एक खोका मिळतो. त्यात तीन तयार डेक, दोघांनी समोरासमोर बसून खेळायचा पट आणि पहिला डाव कसा खेळायचा ते टप्प्याटप्प्यानं दाखवणारी पत्रकं असतात. तुमच्याकडे मुलंही तीनच आहेत, हा योग सोडू नका. तिन्ही घरांनी वर्गणी काढा. गणपतीला काढतो तशीच, पावती फाडायची तेवढी राहू दे. एकट्यानं घेतला तर १,५०० मध्ये बसेलच असं नाही. किंमत दुकानागणिक आणि आवृत्तीगणिक हलते. तिघांत मात्र सहज बसेल. खोका दर महिन्याला एकेकाच्या घरी. वर्गणी जमली नाही, तर ‘ईएक्स बॅटल डेक’ म्हणून साठ कार्डांचे सुटे तयार डेक मिळतात. दोन मुलांनी दोन वेगळे घ्यावेत, म्हणजे लगेच सामना लावता येतो. त्याच्या वरचा प्रकार ‘लीग बॅटल डेक’. तो दमदार असतो, त्यातली बरीच कार्डं पुढेही उपयोगी पडतात, पण पहिल्या दिवशी डोक्यावरून जातो. तो पुढच्या वाढदिवसाला.

दुकानदार तुम्हाला ‘एलिट ट्रेनर बॉक्स’ दाखवेल, पत्र्याचे सुंदर टिन दाखवेल. त्यात पाकिटं असतात. डबा चांगला असतो, आत मुख्यतः पाकिटंच. हात जोडून पुढे चला.

तीनशे रुपये महिन्याचे आहेत ना, ते इथून पुढे सुट्या कार्डांसाठी. आणि इथं मुलांचं नेहमी चुकतं. त्यांना आधी मोठा पोकेमॉन हवा असतो. तुम्ही आधी ट्रेनर कार्डं, म्हणजे डावात मदत करणारी कार्डं, घ्या. अल्ट्रा बॉल हातातली दोन कार्डं टाकून कॅटमधला हवा तो पोकेमॉन शोधून देतो. प्रोफेसर्स रिसर्च असलेला हात टाकून सात नवी कार्डं देतो. बॉसेस ऑर्डर्स समोरच्याच्या बाकावर लपून बसलेल्याला ओढून पुढे आणतो. असली कार्डं आज आगीच्या डेकमध्ये चालतात, उद्या पाण्याच्या. पोकेमॉन बदलले तरी ती कपाटात पडून राहत नाहीत. घरात कांदा-बटाटा असला की पाहुणे कुणीही आले तरी निभतं, तसं.

एकच कार्ड साध्या छपाईत मिळतं आणि सोनेरी, नक्षीदार, पूर्ण चित्राच्या छपाईतही. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, खेळात शून्य. नेहमी सगळ्यात साधं मागा. जपानी, चिनी कार्डं कुणी स्वस्तात देऊ करेल. ती खरी असू शकतात, दिसतातही देखणी, पण वाचता येत नाहीत; शिकणाऱ्या मुलाला नकोत.

कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक बारीक इंग्रजी अक्षर असतं. मुख्य प्रकारच्या स्पर्धेत ठरावीक अक्षरांचीच कार्डं चालतात आणि साधारण वर्षाला एकदा सगळ्यात जुनं अक्षर बाद होतं. घरी खेळणाऱ्यानं हे विसरून जावं. उलट बाद झालेले डेक स्वस्त होतात, ते तुमच्या पथ्यावर. पुढेमागे पुण्या-मुंबईला स्पर्धेला न्यायची वेळ आली, तर खरेदीआधी चालू अक्षरं कोणती ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. लहान मुलांचा वयोगट वेगळा असतो.

सांगलीत सुटी कार्डं समोरासमोर मिळणं अवघड जाईल. बहुतेक व्यवहार इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटांत चालतात. व्यवहार तुम्ही करा, मुलाला करू देऊ नका. कार्डाचे पुढचे, पाठचे आणि कडेचे फोटो मागा. पहिली खरेदी शंभर रुपयांचीच करा, माणूस कसा आहे ते कळतं. आणि तिन्ही मुलांची यादी एकत्र पाठवा, नाहीतर चाळीसच्या कार्डाला साठचं कुरिअर लागेल.

शाळेत कार्डं नेऊ देऊ नका. बाईंनी जप्त केली तर परवडेल. आठवी-नववीतल्या मुलांशी अदलाबदल महागात पडते. मित्रांत अदलाबदल जरूर होऊ दे, तीच तर अर्धी गंमत आहे. माझ्या घरी भाच्याला एकच अट घातली होती : आज ठरवायचं, उद्या द्यायचं. एक रात्र मधे गेली की पुष्कळसे वाईट सौदे आपोआप मोडतात. आणि एकदा दिलं की परत मागायचं नाही, रडून तर नाहीच.

राहता राहिले मिस्टर. त्यांना हिशेबाचा परिच्छेद वाचायला द्या आणि रविवारी दुपारी चिठ्ठ्यांचाच एक डेक देऊन मुलासमोर बसवा. ते मेंढीकोट खेळणारे असतील तर चांगली कार्डं शेवटपर्यंत हातात दाबून ठेवतील. हुकूम जपायची सवय जात नाही. या खेळात नेमकं तेच अंगाशी येतं. इथं सात कार्डांचा भरलेला हात प्रोफेसर्स रिसर्चला बिनदिक्कत फेकून द्यावा लागतो, आणि मुलं ते मोठ्यांपेक्षा फार लवकर शिकतात. पहिला डाव ते हरतील. दुसरा मांडायला बहुतेक स्वतःच सांगतील, तेव्हा चहा टाकून ठेवा.